शेवटचा टेकू

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, पदवीधर, बांधकाम कंपनीची मालकीण, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे. माया किती उरली आहे, हे त्यांनी तपासलेले नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. तिने आधी पडदे बदलावेत. तीस वर्षे ती त्यांना नावे ठेवत आली आहे.

२. यजमानांचा ओळंबा आणि थापी मुकादमांना. दोघांनी मिळून कंपनीची पहिली इमारत उभी केली. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत होती. नवा स्लॅब पक्का होईपर्यंत त्याला पेलणारे टेकू काढताना, शेवटचा टेकू निघेपर्यंत, मालकाने त्या स्लॅबखाली उभे राहायचे. यजमान म्हणत, "माझ्याच कामाखाली उभं राहायला मी घाबरलो, तर लोकांना घरं कुठल्या तोंडाने विकू?" ते गेल्यावर मी उभी राहिले. मुलाने कारभार हाती घेतला आणि रीत मोडली. "आई, आता हे कॉम्प्युटर सांगतो."

३. माझे दागिने सूनबाईंना, पुढील अटीवर. वार्षिक अहवालातले सामाजिक जबाबदारीचे प्रकरण त्या लिहितात. मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर ही त्यांची कल्पना, आणि चांगली होती. त्यासाठी कमी सिमेंटचे नवे मिश्रण हा मुलाचा शोध. टेकू अठ्ठावीसऐवजी सात दिवसांत काढले. नवव्या दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी भरली आणि स्लॅब खाली आला. मुले दुसऱ्या दिवसापासून येणार होती. आत झाडत होती ती मुकादमांची बायको. सूनबाईंनी अहवालात या घटनेला "शिकण्याची संधी" म्हटले आणि त्या वर्षी कंपनीला दुप्पट कामे मिळाली. ते पान त्यांनी मुकादमांसमोर उभे राहून मोठ्याने वाचावे. मधेच रडू आल्यास पहिल्यापासून.

४. टेकू सात दिवसांत काढायच्या परवानगीवर माझीही सही आहे. टेकू निघाले तेव्हा मी उत्कृष्ट कंपनीचे पारितोषिक घ्यायला गेले होते. परतल्यावर मुकादम एवढेच म्हणाले, "साहेब असते तर खाली उभे राहिले असते." म्हणून कोणत्याही इमारतीला माझे नाव देऊ नये. पारितोषिक कार्यालयाच्या दाराला अडसर म्हणून लावावे.

५. कंपनी मुलाला, एका अटीवर. त्याच जागी पाळणाघर पुन्हा बांधले आहे. स्लॅब परवा ओतला. माझ्या मृत्यूनंतर महिन्याभराने मुकादमांनी त्याचे टेकू एकेक करून काढावेत. मुलाने आत, मधोमध उभे राहावे. मिश्रण जुने की त्याचे, हे फक्त मुकादमांना ठाऊक आहे. त्यांनी ते सांगू नये. मुलगा आला नाही किंवा शेवटच्या टेकूआधी बाहेर पडला, तर संपूर्ण कंपनी मुकादमांची.

वकील म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकणार नाही."

"तो कोर्टात गेला, म्हणजे उभा राहिला नाही. मला तेवढं कळलं तरी पुरे."

"कळायला तुम्ही असाल का?"

"मुकादम असतील."

मसुदा वाचून मुलगा काल येऊन बसला. मग म्हणाला, "आई, निदान मिश्रण कोणतं ते तरी मुकादमांना सांगू दे."

मी म्हटले, "झाडू घेऊन आत गेली, तेव्हा तिने तुला विचारलं होतं का?"

यापेक्षा अधिक काही लिहायचे नाही. वरील मजकूर वाचून, समजून सही करत आहे.

सही: (मालकीण)

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली.
साक्षीदार १: डॉक्टर
साक्षीदार २: शेजारच्या निवृत्त ग्रंथपाल

स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळ. इथून पाळणाघराचे टेकू दिसतात.
दिनांक: स्लॅब ओतल्यापासून तिसरा दिवस