कुलूप उघडायचा दर

नाशिक, वैशाख वद्य षष्ठी, सन १९३५

घोटीचे राजमान्य राजश्री वाल्मीकराव यांस धाकटा मेहुणा यादव याचा हात जोडून रामराम. इकडे सर्वांचे ठीक आहे, तिकडचे कळवावे. आईंचा गुडघा कसा आहे? तांदळाचा भाव उतरला असे ऐकतो, तेव्हा तुमचा जीव थाऱ्यावर नसेल. तरी हे पत्र बसून वाचावे, आणि वाचताना हातात पाण्याचा तांब्या असल्यास खाली ठेवावा. (तार केली नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडतात आणि ही हकीकत काटकसरीने सांगण्यासारखी नाही.)

तुमच्या भगिनीला, मालनला, पुढल्या आठवड्यात बाळंतपणासाठी घोटीला आणून पोचवतो असे मी कळवले होते. तसे घडणार नाही. का, ते सांगतो.

आमच्या मधल्या खोलीच्या दाराला मी देवळालीच्या छावणीतल्या लिलावातून आणलेले विलायती कुलूप बसवले आहे, हे तुम्ही संक्रांतीला पाहिलेच आहे. दार ओढले की आपोआप लागते, गोल मूठ फिरवली की उघडते. (तुम्ही तेव्हा म्हणाला होता, की घरात चोरण्यासारखे काही नसताना हे कशाला. मी तो टोमणा मनावर घेतला नाही.) परवा दुपारी आमच्या आत्याबाईंनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. घरभर धुराची तिखट खाट उठली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, शेजारचे कुत्रेसुद्धा शिंकू लागले. मालन मधल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतले. आत खट् असा आवाज झाला. थोड्या वेळाने ती आतून म्हणाली, "मूठ नुसतीच फिरतेय हो." मी बाहेरून फिरवली. ती बाहेरूनही नुसतीच फिरली. मी म्हटले, घाबरू नकोस. त्यावर ती म्हणाली, "मी नाही घाबरत. पण माझ्या पोटात कळा येतायत."

वाल्मीकराव, पेठ नाक्यावर मी जकातीचा कारकून. अडेलतट्टू गाडीवानांना मी रोज तोंड देतो. पण त्या क्षणी मी ती मूठच दहादा फिरवत राहिलो. दार मोडावे म्हटले, तर ते आत उघडणारे, अस्सल सागवानी, आणि मालन त्यालाच पाठ टेकून खाली बसलेली, तिला उठवेना. दार आत कोसळले असते तर तिच्याच अंगावर. मागच्या गल्लीकडच्या खिडकीला गज. कुसाबाई सुईण धावत आली खरी, पण ती गल्लीत उलट्या घमेल्यावर उभी राहून गजांतून आत हात घालण्यापलीकडे काय करणार? "पोरी, लांब श्वास घे, जोर करू नको अजून," असे ती आत ओरडायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "दार उघडा हो बाबा, लय वेळ नाय आता."

मी भद्रकालीत पळालो आणि रहेमान मिस्त्रींना घेऊन आलो. कुलपे, स्टोव्ह, पंप, शिवणयंत्रे, सगळ्यात त्यांचा हात चालतो. वाटेत मी त्यांना इतकेच सांगितले होते की दार अडकले आहे. खरा प्रसंग सांगायला उंबऱ्यात तोंड उघडले, तोच आत्याबाईंनी मला कोपराने असे ढोसले की बरगडी अजून दुखते. कानात म्हणाल्या, "नड दाखवू नको. नड दिसली की भाव चढतो." (आत्याबाई वाईट नाहीत. नवऱ्यामागे त्यांनी एकटीने घर चालवले, आणि कारागिरांनी बाईमाणूस पाहून त्यांना पुष्कळदा बनवले. ते त्या विसरत नाहीत.)

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली, कुलूप कान लावून ऐकले आणि शांतपणे म्हणाले, "उघडायची मजुरी एक रुपया. आतला काही भाग तुटला असेल तर त्याचे दाम वेगळे, दुकानात पडतील तेवढेच. कबूल असेल तर हात लावतो."

"रुपया?" आत्याबाई कडाडल्या. "तार घालून कुलूप फिरवायला? आठ आणे घ्या."

"काम झालं की सगळे हेच म्हणतात, बाई. सकाळीच एका बंगल्यावर ऐकून आलोय. म्हणून आधी बोलतो."

आतून मालन कण्हली. मिस्त्रींनी विचारले, आत कोण आहे? आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई हाय. पोट दुखतंय जरा. आठ आणे."

मला राहवेना. मी म्हटले, मिस्त्री, दोन रुपये देतो, पण उघडा. वाल्मीकराव, याहून मोठी चूक मी कधी केली नसेल! मिस्त्रींचा चेहरा उतरला. "दोन कशाला? मी अडलेल्याला लुटायला आलोय का? माझा भाव एक रुपया आहे, कलेक्टराला तोच आणि तुम्हाला तोच." असे म्हणून ते पिशवी उचलू लागले. इकडे आत्याबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी घरातली भांडी गल्लीत फेकली होती. म्हणजे एक माणूस रुपयाच्या खाली येईना, तोच माणूस रुपयाच्या वर जाईना, एक बाई आठ आण्यांवरून हलेना, आणि माझे लेकरू कोणाचाही भाव न विचारता यायला निघालेले.

एवढ्यात आतून अशी किंकाळी आली की मिस्त्रींच्या हातातली पिशवी पडली. ते माझ्याकडे बघत राहिले. "पोट दुखतंय म्हणालात ना?"

मी काही बोलण्याआधी मालनच बोलली. धापा टाकत, पण तुमच्या दुकानातल्या गादीवर बसल्यासारखी. "आत्याबाई, मजुरी रुपया. सामानाचे दुकानात पडतील ते. आणि मोडका भाग आपल्याला दाखवायचा. ठरलं! आता कोणी तोंड उघडलं तर मी बाहेर आल्यावर बघून घेईन."

मिस्त्री तत्काळ गुडघ्यांवर बसले. आत्याबाईंकडे न बघता एवढेच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर बोलणीसुद्धा केली नसती, बाई."  आत्याबाईंनी धावत जाऊन चुलीवर पाण्याचे आधण ठेवले.

बाहेरची मूठ निघाली, पण कुलपाची आतली जीभ हलेना. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटी ते दाराशी तोंड नेऊन म्हणाले, "बेटी, मुठीखाली चाचप. लोखंडी पट्टी लोंबत असेल. ती वर दाबून धर, मी इकडून ओढतो." पहिल्यांदा तिचा हात निसटला. दुसऱ्यांदा कळ आली आणि ती पट्टी सोडून जमिनीवर मुठी आपटू लागली. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मी दाराला कपाळ टेकून उभा होतो. मग सगळे शांत झाले, आणि शांतता तर त्याहून वाईट. "धरली," ती म्हणाली. मिस्त्रींनी ओढले. खट् झाले. ती सरपटत बाजूला झाली, दार उघडले, आणि कुसाबाई आम्हा सर्वांना ढकलून आत शिरली.

मुलगी झाली. मोठ्याने रडते. मायलेकी सुखरूप आहेत.

यानंतर ओट्यावर जे झाले ते तर माझ्या आकलनापलीकडचे. आत्याबाईंनी रुपया पुढे केला. मिस्त्री म्हणाले, आठच आणे घेईन. अर्धे काम आतून झाले, त्याची मजुरी मला कशी चालेल? आत्याबाई भडकल्या, की रुपया ठरला म्हणजे रुपया, मी कोणाचे फुकट ठेवत नाही! मघाचीच बोलणी उलट्या दिशेने सुरू झाली, तितक्याच जोरात. तेव्हा आतून थकलेला आवाज आला, "मिस्त्रींना आठ आणे द्या, आणि उरलेले माझे मला आणून द्या." आत्याबाईंनी ते खरोखर नेऊन तिच्या उशाशी ठेवले आणि तिथेच बसून पोटभर रडल्या. (मिरच्यांमुळे, असे त्या म्हणतात.)

वडिलांस दंडवत, लहानांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
यादव

ता. क. हे पत्र आईंसमोर मोठ्याने वाचू नये. (ही सूचना सुरुवातीला हवी होती, हे आता ध्यानात येते.)

ता. क. दुसरा. खरे म्हणजे पत्र लिहिण्याचे कारण असे, की पाळणा मामाने द्यायचा असतो. तुमच्या माळ्यावर जुना आहे, त्याची एक कडी तुटली आहे म्हणतात. तो रेल्वेने पाठवावा. रहेमान मिस्त्रींशी मी दुरुस्तीचे बोलून ठेवले आहे. मजुरी अर्थात मामाकडे.

दादा, मी बरी आहे. मिस्त्रींशी यांनी बोललेला भाव धरू नकोस, मी पुन्हा बोलेन. आईला घेऊन तूच ये, पाळणा मागाहून आला तरी चालेल. मुलीचे नाव मी ठरवले आहे. आत्याबाईंना, यांना आणि तुलाही आधीच सांगून ठेवते, त्यात कमीजास्त होणार नाही. — मालन