स्वच्छ प्रतिमेची काख

५ मे, सोमवार. सकाळी ७.
बिल्डिंगच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय. मतदान १८ तारखेला, पार्किंगमध्ये, हात वर करून. समोर फक्त सत्यभामा मॅडम, रिटायर्ड शिक्षिका. म्हणजे समोर कुणीच नाही. दाढी करताना माझ्या नावासकट घोषणा सुचली: ‘स्वच्छ प्रतिमा, बद्रीनाथ!’ फ्लेक्सवर पांढऱ्या शर्टातला फोटो. अध्यक्ष म्हटलं की पांढरा शर्ट. चेक्सच्या शर्टातला माणूस फार तर खजिनदार वाटतो.

६ मे.
तिन्ही पांढरे शर्ट काढले. तिन्हींच्या काखेत पिवळे डाग. घामाचे नाहीत, मला घाम येत नाही. बोअरच्या पाण्यात लोह आहे, त्याचे. मग फक्त काखेतच कसे, असं रूपाने विचारलं. बायकोला विज्ञानाची आवड नाही. अहो, नवा घ्या की, म्हणाली. नवा घेणं म्हणजे डागापुढं हार मानणं. ज्याला डाग काढता येत नाही, तो सोसायटी काय चालवणार?

८ मे.
लिंबू, मीठ, ऊन. बेचाळीस डिग्री, तेही फुकट. दोन तास शर्टाची राखण केली. डाग जागेवर. अंगातल्या बनियनलाही नवे पडले. धुळीचे असावेत.

१० मे.
पहिल्या शर्टाला ब्लीच. डाग आणखी गडद, थेट हळदीचा रंग. घामाच्या डागाला ब्लीच लावू नका, हे व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं. शेवटपर्यंत व्हिडिओ कोण बघतं? शर्ट फरशी पुसायला गेला. अजून दोन आहेत. परिस्थिती नियंत्रणात.

१२ मे.
नऊ दिवसांनी नळ आला. भाषणात मुद्दा घेतला: पाणी जपून वापरा. दुसरा शर्ट खायचा सोडा लावून ब्रशने घासला. सहा बादल्या गेल्या. रूपा दोन तास बोलली नाही, मग बोलली. न बोलण्याचे दोन तास बरे होते.
डाग गेला. काखेतलं कापडही गेलं.

१५ मे.
माझा प्रचारप्रमुख, तिसऱ्या मजल्यावरचा कडुबा येऊन गेला. म्हणे, भाऊ, लोकं लई खूश हायेत, अकरा मतं पक्की. एकूण मतं तेवीस. बारावं माझं स्वतःचं. जिंकलो. फक्त जाहीर व्हायचं बाकी.

१८ मे, रविवार. सकाळी ९.
शेवटचा शर्ट. आई आठवली: कपडे पिवळट झाले की नीळ. इतकं सोपं आजवर कसं सुचलं नाही! बादलीभर पाण्याला चार थेंब पुरतात म्हणे. मी वेळ वाचवला, एकेका काखेला दहा-दहा, थेट.

सकाळी ११.
डाग पिवळा राहिलेला नाही. हिरवा झालाय. पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं ते शाळेत शिकवलं असेल. चित्रकलेच्या तासाला मी आजारी असायचो.

दुपारी ४.
चेक्सचा घाला, इति रूपा. आणि फ्लेक्सवरच्या घोषणेचं काय? उपाय सापडला: हात खालीच ठेवायचे. मोठी माणसं हातवारे करत नाहीत.

संध्याकाळी ७.३०.
भाषण खिशात हात घालून केलं. नमस्कार पोटापाशी. मग मोजणी. मॅडमना अकरा हात, मला अकरा. राहिलं कोण, असं मोजणाऱ्या सखारामकाकांनी विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कडुबा ओरडला, भाऊ, करा की हात वर! मी दंड आणखी आवळला. म्हणालो, स्वतःला मत देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
टाळ्या अपेक्षित होत्या. कडुबा विचारात पडला. मग म्हणाला, ज्याला सोताचाच भरवसा नाय, त्याच्यावर आपण कसा ठिवायचा?
फेरमोजणीत त्याचा हात मॅडमकडं. बारा विरुद्ध दहा.
जिन्यात सगळे बोलत होते, भाऊंनी ऐन टायमाला काखा वर केल्या. साफ खोटं. मी काख वर केलीच नाही, म्हणून तर हरलो.

१९ मे.
तत्त्वासाठी हरलो, असं ऑफिसात सांगितलं. रूपाला मात्र खरं सांगून टाकलं: डाग दिसला असता तर बिल्डिंगमध्ये अब्रू राहिली नसती.
ती चहा गाळत होती. म्हणाली, लपवला कुणापासून? सहा वर्षं झाली, तुमचे शर्ट गच्चीतल्या दोरीवरच वाळतात ना. तुमचा डाग अख्ख्या बिल्डिंगला पाठ हाये. तरी अकरा जणांनी हात वर केलेच की.