गटारावरची फरशी आणि आमची समिती

३ मार्च, सकाळ
रिटायर होऊन महिना झाला. घरात माझ्या अनुभवाची कुणाला कदर नाही, तेव्हा आजपासून तो गल्लीच्या कामी लावायचा. विषय आयताच मिळाला. गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटली आहे. आम्ही सगळे टांग टाकून जातो. आईला ते कसं जमणार? गटारापलीकडे बाक आहे, संध्याकाळी तिथे तिची मैत्रीण, पलीकडच्या मावशी, येऊन बसतात. फरशी फुटल्यापासून दोघींची भेट नाही. त्यात मावशी महिनाअखेर कायमच्या मुलीकडे चालल्या आहेत. फोनचा उपयोग नाही. दोघींनाही कमी ऐकू येतं, दोघी हॅलो हॅलो करतात आणि चिडून ठेवून देतात.
आईला शब्द दिला, आठवड्याभरात फरशी बसेल. आई म्हणाली, बरं. हिने भाजी चिरता चिरता माझ्याकडे नुसतं पाहिलं. असो.

४ मार्च
गल्ली सुधारणा समिती स्थापन. ग्रुपही काढला. अध्यक्षपदाला मी खूप नाही नाही म्हटलं. तसा आग्रह अजून कुणी केला नव्हता, पण करणारच होते.
ही म्हणाली, भाजी आणायला जाते त्या वाटेवरच वॉर्ड ऑफिस आहे, मी सांगून येऊ का? मला हसूच आलं. नुसतं जाऊन सांगितलं की कामं झाली असती तर काय हवं होतं! कामाला पद्धत असते. समितीच्या नावे रीतसर लेखी अर्ज पाठवला.

८ मार्च
समितीचं बोधचिन्ह काय असावं यावर ग्रुपवर चर्चा. मी झाडू सुचवला. समोरच्या वकिलांना झाडू अपमानास्पद वाटतो, त्यांना झाड हवं. दोन तट पडले. बाकीचे सकाळी फुलं पाठवतात आणि गप्प बसतात. फरशीचा विषय पुढच्या मीटिंगला घ्यायचं ठरलं.

१३ मार्च
आईने फरशीचं विचारलं. प्रोसेसमध्ये आहे म्हणालो. ती म्हणाली, तुझी ती प्रोसेस जरा लवकर आटप बाबा, मावशींची बांधाबांध सुरू झालीय. आईला सिस्टिम कळत नाही. तिचा दोष नाही.

१६ मार्च
दणका! माझ्या अर्जाची दखल घेऊन वॉर्ड ऑफिसचे साहेब परवा स्वतः पाहणीला येणार. हिला बातमी दिली. ही म्हणाली, छान, त्यांना खड्डा दाखवा म्हणजे झालं. जसं काही मी विसरणारच आहे.

१८ मार्च, दुपार
काय कार्यक्रम झाला! सकाळपासून सगळी गल्ली झाडून घेतली. भिंतींना रंग, कोपऱ्यात रांगोळीसारख्या मांडलेल्या कुंड्या. एकच गोष्ट डोळ्यांत खुपत होती. साहेब गल्लीत शिरणार आणि पहिल्यांदा काय दिसणार, तर फुटकं गटार! आपली काही इज्जत आहे की नाही? वकिलांकडून जाड फळी आणली, ती खड्ड्यावर टाकली, वर आमच्या हॉलमधला गालिचा.
आई काठी घेऊन बाहेर आली. म्हणाली, फळी आहे तोवर मी पटकन पलीकडे जाऊन येते. म्हटलं, आई, आत्ता नको, कार्यक्रम होऊ दे. साहेब गालिच्यावरून चालत आले, बेहद्द खूश झाले, कुंड्यांसोबत फोटो काढले. तक्रार काय आहे म्हणून विचारलंही. मी सांगणार होतोच, पण आधी वकिलांचं भाषण, मग आभार, मग साहेबांना फोन आला आणि ते गेले.
कार्यक्रम संपताच वकिलांनी फळी नेली. त्यांच्या कपाटाचा कप्पा होता तो. आई दारातच उभी होती.

२३ मार्च
वॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. जागेवर कोणताही दोष आढळला नाही, तक्रार निकाली. वर आमच्या गल्लीला आदर्श गल्लीचं बक्षीस! सत्तावीसला सत्कार.
आईला वाचून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग भाषणाची तयारी करायला बसलो.

२७ मार्च, दुपार
ही परवा भाजी आणायला गेली तेव्हा वॉर्ड ऑफिसात शिरून सांगून आली म्हणे. तिथल्या क्लार्कने विचारलं, अहो, मग आधी का नाही आलात? आज सकाळी माणसं येऊन सिमेंट ओतूनही गेली. मुळात वातावरणनिर्मिती समितीने केली होती, हे नोंदवून ठेवतो.
सत्काराला निघालो. गल्लीच्या तोंडाशी कुणा बेजबाबदार माणसाने ओल्या फरशीत बूट रुतवलेला होता. म्हणजे मी जाईपर्यंत नव्हता. दोरी बांधली होती, पण हातात भाषणाचा कागद धरला की दोरी दिसत नाही. कुणी पाहिलं नाही. बूट पुसले.
सत्कारात मिळालेला कप छान आहे. ग्रुपवर फोटो टाकला, पण सगळे बुटाच्या खड्ड्याबद्दलच पेटलेले. अध्यक्षांनी चौकशी करावी, अशी एकमुखी मागणी. गय करणार नाही, असं जाहीर करून टाकलं.

२७ मार्च, संध्याकाळ
मावशी उद्या सकाळी जाणार. फरशीवर आज पाय ठेवायचा नाही. हिने सरळ आमची खुर्ची नेऊन गटाराच्या अलीकडे ठेवली, आईला बसवलं. पलीकडे बाकावर मावशी. मधे ओली फरशी. दोघींना ऐकू येत नाही, त्यामुळे दोघी तारस्वरात. सगळी गल्ली गॅलरीत येऊन उभी. दोघी हसल्या, रडल्या, परत हसल्या.
तेवढ्यात मावशींनी ओरडून विचारलं, अगं, हा बूट कुणी घातलान यात? आई त्याहून मोठ्यांदा ओरडली, कोण असणार, आमचंच ध्यान! लहानपणापासून मेला खाली बघून चालत नाही!
चौकशी संपली. वकिलांनी ग्रुपवर टाळ्या पाठवल्या.
घरी जाताना आईने हुकूम सोडला, आता इथेच बस, वाळेपर्यंत कुणाला पाय ठेवू देऊ नकोस. हे तिच्याच खुर्चीवर बसून लिहितोय. आपण कोण आहोत हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं, म्हणून कप आणून पुढ्यात ठेवला.
आत्ताच एक सज्जन त्यात नाणं टाकून गेले.