बोअरचं मशीन आणि हॉलचं एकच दार

लातूर, १२ जून २००१

आदरणीय महेबूबचाचांना मन्मथचा सलाम. बिलकीसचाचींचा गुडघा कसा हाय? मुरुडात सगळे खुशाल असतील. मी बरा हाय असं लिहिलं तर खोटं होईल. कुणी खुर्ची सरकवली तरी दचकून उठतो.

झालं असं, की क्लासच्या सरांनी नव्या हॉलचं काम माझ्यावर टाकलं. पंधरा दिवसांत बाकं, पंखे, पाणी तयार, आणि रविवारी चारशे पोरांची सराव परीक्षा. मी भिंतीवर मोठा तक्ता लावून प्रत्येक कामापुढं तारीख लिहिली (अक्षर लई सुंदर आलं होतं). बोअरवाला चारदा टाळून शेवटी 'दहा तारखेला येतो' म्हणाला, मी खुशीत लिहून घेतलं. दहाला रविवार हाय हे बघितलंच न्हाई.

गणिताचा पेपर चालू असताना भिंतीपलीकडं मशीन सुरू झालं. आधी फरशी थरथरली, मग बाकं. चाचा, किल्लारीच्या भूकंपात आपण अंगणात गोधड्या पांघरून बसलो होतो, ती थरथर पोटातून गेलेली न्हाई. कुणीतरी ओरडलं, "भूकंप!" चारशे पोरं दाराकडं धावली. दार एकच, तेही आत उघडणारं. रेटा एवढा की उघडेना. पोरी चेंगरायला लागल्या. तेवढ्यात केमिस्ट्रीच्या नाजिया मॅडम (अंगानं एवढ्याशा) टेबलावर चढून गरजल्या, "खाली बसा! दारातले मागं सरका!" पोरं खरंच बसली. मॅडमनी दार उघडून एकेकाला बाहेर काढलं. चाकूरच्या ऋतुजाचं मनगट मोडलं, बाकी सगळे सुखरूप. तिनं रडत एवढंच विचारलं, "सर, पेपर परत होईल का?"

मी मॅडमना म्हणालो, तुम्हाला भीती वाटली न्हाई? म्हणाल्या, "लई वाटली. पहिल्या दिवसापासून त्या दाराची वाटत होती. तुम्हाला सांगितलंही होतं." हाव, सांगितलं होतं. तक्त्यात जागा न्हाई, असं मीच म्हणालो होतो.

तुमचा,
मन्मथ

ता. क. पेपर येत्या रविवारी परत घ्यायचा हाय, त्याच्या आत बाहेर उघडणारी दोन दारं पाहिजेत. सुतारकाम तुमच्याच हातचं पाहिजे, माप घ्यायला तुम्हीच या.

ता. क. दुसरा. वर लिहिलेलं सगळं मी बाहेरून बघितलं. मशीन सुरू होताच खिडकीतून पहिली उडी माझी होती, आणि ते ऋतुजानं बघितलंय. शुक्रवारी तिच्या वडिलांपुढं जायचं हाय, एकट्याचे पाय उचलेनात. दारं दोन दिवस उशिरा झाली तरी चालतील, परीक्षा मी पुढं ढकलतो. तुम्ही आधी माझ्यासंगं चाकूरला चला.