टायरांमागच्या बाटल्या

शुक्रवार, संध्याकाळ. व्हिटबी, कॅनडा

सुटले एकदाची! सासू-सासरे जर्मनीच्या क्रूझवरून आज परत आले आणि कोणी रागावलेलं नाही.

चूक निखिलची. आईबाबांच्या लग्नाच्या पन्नाशीची भेट म्हणून नवरोबांनी नदी आणि किल्ल्यांचे फोटो बघून क्रूझ बुक केली. ती निघाली मोझेल नदीवरची. बोट गावोगावी थांबणार आणि प्रत्येक गावात वाईन टेस्टिंग! आणि आम्ही काय करतो? हे दोघं पुण्याहून यायच्या आदल्या दिवशी आमच्या वाईनच्या बाटल्या बेसमेंटमध्ये, गाडीच्या विंटर टायर्सच्या मागे लपवतो. दरवर्षी. आठवडाभर मला एकच दिसत होतं: आई नाकाला पदर लावून बसल्यात आणि बाबा बोटीच्या मॅनेजरला उपदेश करतायत.

आज चहा झाल्यावर आईंनी बॅग उघडली. साड्यांच्या मध्ये टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली होती. ती माझ्या हातात दिली.

"दोघांनी चाखली गं. ह्यांना आंबट लागली. मला आवडली."

मी उगाच लेबल वाचायला लागले. निखिल तर स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला लागला.

"आणि हो, ही टायरांच्या मागे नको ठेवूस. तिथे शेजारी घर तापवायची ती फर्नेस आहे. वाईन गार जागी ठेवायची असते, टेस्टिंगवाल्या बाईने सांगितलं."

म्हणजे आईंना माहीत होतं? कधीपासून?

बाटली आता फ्रिजमध्ये आहे. दह्याचं पातेलं सरकवून आईंनीच जागा केली.