सुती टाका

मंगळवार, दुपार

माझं नाव पुढे करून ‘नाही’ म्हणायला तुला कुणी सांगितलं? माझे गुडघे, माझे डोळे, माझं एकटं राहणं, सगळं तुझ्या डॉक्टरबाईंपुढे मांडून मोकळी झालीस. मला विचारलंस? मी काय कुंडीतलं झाड आहे, तू पाणी घातलं नाहीस तर सुकायला?

असो. चिरंजीव ठमीस आजीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझ्या पक्षी-केंद्रावर वारा फार असतो म्हणतेस, तर कान झाकत जा.

काल तुझ्या डॉक्टरबाई घरी आल्या होत्या. या डॉक्टर आहेत पण कुणाची नाडी बघत नाहीत, ससाण्यांच्या मागे हिंडतात, हे शेजारणीला अजून पटलेलं नाही. ती आपली कंबर दाखवायला आली होती. बाईंनी हसून बसवून घेतलं.

मग बाईंनी पिशवीतून एक डबा काढला. आत पट्टा. मी शिवलेला, लगेच ओळखला. यंत्र तसंच अडकलेलं, फीत मळकी, आणि छातीवरचा टाका तुटलेला. म्हटलं, पाखरू गेलं.

तुला आठवतं का, हे काम तू पहिल्यांदा आणलंस तेव्हा? आजोबा गेले होते, शिलाई मशीनवर चादर टाकलेली, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायची. तू म्हणालीस, ससाण्याच्या पाठीवर दप्तरासारखं यंत्र बसवायचंय, म्हणजे तो कुठे जातो, कुठे घर करतो ते कळेल. त्याचे पट्टे शिव. नराचा लहान, मादीचा मोठा. का, तर ससाण्यांत मादीच मोठी. एवढं शोधायला पगार घेता होय? माझ्या लग्नाचा फोटो बघितला असतात तरी भागलं असतं.

पुढचं ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. छातीवरचा टाका म्हणे साध्या सुती दोऱ्याने घाल, कच्चा, म्हणजे काही वर्षांनी कुजून आपोआप तुटेल. जन्मभर आजोबांनी आणि मी लोकांचे कपडे शिवले. कापड विरलं, पण शिवण उसवली नाही. मी कच्चं शिवू? सुती दोऱ्याखालून गुपचूप नायलॉनचा एक दोरा ओढून दिला.

तू टेबलाशी बसून ताणून बघितलंस आणि तुझ्या लक्षात आलं. चिडली नाहीस. एवढंच म्हणालीस, “आजी, हा तुटला नाही तर ती ससाणी मरेपर्यंत आमचं ओझं वागवेल गं.”

मी सगळे उसवले. नुसत्या सुती दोऱ्याने पुन्हा शिवले.

तर तो पट्टा. बाईंना तो समुद्रापलीकडे एका डोंगरकड्याखाली सापडला. ना पीस, ना हाड. आणि वर कपारीत तीच ससाणी, पायात घातलेल्या खुणेच्या वाळ्यावरून ओळखली, पिल्लांना भरवत बसलेली. बाई म्हणाल्या, “आजी, तुमचा टाका अगदी वेळेवर तुटला.”

इतक्या वर्षांत माझ्या शिवणीचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. बाईंना उठवेना इतकं वाढलं.

जाता जाता त्यांच्या तोंडून निघून गेलं. समुद्रापलीकडचं काम, ससाणे जिथे उन्हाळा काढतात तिथलं, तुला मिळत होतं, आणि तू आजीला सोडता येत नाही म्हणालीस. मी पट्टा हातात घेऊन बसले होते. तो तुटलेला टाका बघत राहिले.

आता डोळ्यांचं. मागच्या वेळी दोरे ओवून सुया उशीत टोचून गेलीस, त्या अजून आहेत असं मी फोनवर म्हणाले. नाहीत. संपल्या. आता शेजारीण ओवून देते. तोंड चालतं तिचं, पण नजर ससाणीची आहे. डोळ्याचं ऑपरेशनही करून घेणार आहे, तीच सोबत येईल. तेव्हा ही सबब बाद.

घर मोकळं वाटेल. वाटू दे.

एक लिहायचं होतं. आजोबा गेले तेव्हा सगळे मला रडू नका म्हणत होते. तू काही म्हणाली नाहीस, फीत आणि दोरा पुढ्यात ठेवलास. सकाळी मी उठते ती त्यामुळे. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ज्या बाईंनी म्हातारीच्या हातावर भरवसा ठेवला त्यांचेही. हे तोंडावर बोलता यायचं नाही, म्हणून लिहिलं. परत लिहिणार नाही.

यंत्र बाई घेऊन गेल्या. पट्टा मी मागून घेतला, मशीनवरच्या खिळ्याला अडकवलाय. येता-जाता दिसतो. मी काही तुझ्या पाठीवर नायलॉनने शिवलेली नाही, ठमे.

या पत्राचं उत्तर मला नको. आज, उठून, बाईंना दे, आणि त्यात ‘हो’ लिही. नव्या पट्ट्यांची मापं मला त्यांनी कळवावीत, तू नाही.

तुझी आजी