अण्णांचं स्तोत्र, दोघींसाठी

हेप्सीचे पप्पा,

मी नऊच्या बसनं नांदेडला माहेरी निघालेय. अण्णांना जाऊन दहा दिवस झाले, माझ्या आईला घर खायला उठतंय. वरण-भात झाकून ठेवलाय.

हेप्सी चर्चमधल्या रविवारच्या पाठांतर स्पर्धेला जात नाही म्हणते. चूक माझी आहे. अण्णा रोज फोनवर तिला स्तोत्र शिकवायचे, सोबत शेजारच्या करुणालाही. मी चिडले, "करुणापण स्पर्धेत आहे ना अण्णा, तिला कशाला शिकवता?" ते हसले. "देवाचं वचन दोघींना पुरत न्हाई व्हय, बाई?"

मी फोन ठेवून दिला. "आजोबांशी आता स्पर्धा झाल्यावरच बोल," असं हेप्सीला बजावलं. त्याच आठवड्यात ते गेले.

तोवर ते रोज स्तोत्र म्हणून मला व्हॉइस मेसेज पाठवत होते. मी एकही उघडला नाही. आज सगळे न ऐकताच तुमच्या फोनवर पाठवलेत. संध्याकाळी करुणाला बोलवा, दोघींना शेजारी बसवून ऐकवा. हेप्सीला सांगा, आजोबा तिच्यावर रागावले नव्हते. अबोला तिच्या आईनं धरला होता.

रविवारी ती कितवी आली, ते मला कळवू नका. एखाद्या मेसेजमध्ये अण्णांनी मला हाक मारली असेल, तर तेवढं मात्र कळवा.

सुवार्ता